‘गॅस्ट्रो’ झाला, पण कशाने?

सांगली, प्रतिनिधी

कृष्णेला पहिले गढूळ पाणी आले, की सांगली-मिरजेच्या बातम्यांत एक शब्द हजेरी लावतो : ‘गॅस्ट्रोसदृश’. अमुक गल्लीत गॅस्ट्रोसदृश आजाराचे दहा रुग्ण, तमुक वसाहतीत गॅस्ट्रोसदृश लागण. पुढचा क्रमही ठरलेला असतो. रस्ता खणला जातो, गटारीलगतची गळती सापडते, ती बुजविली जाते. घरोघर मेडिक्लोरच्या बाटल्या वाटल्या जातात, चार दिवस टँकर येतो. पंधरवड्यात रुग्ण कमी होतात आणि खणलेल्या रस्त्याबरोबर विषयही बुजतो. या साऱ्या धावपळीत एक प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. त्या रुग्णांच्या पोटात नेमका कोणता जंतू होता?

प्रश्न पुस्तकी वाटण्याचा संभव आहे. जुलाब ते जुलाब, जंतूचे नाव कळून रुग्णाला काय फरक पडणार, असे कोणीही म्हणेल. पण दूषण कोठून आले, औषध कोणते द्यायचे आणि जुलाब थांबल्यानंतरही रुग्णावर लक्ष ठेवायचे की नाही, या तिन्ही गोष्टी त्या नावावर ठरतात. ‘गॅस्ट्रो’ हे निदान नव्हे. जठर व आतड्यांचा दाह, म्हणजे उलट्या आणि जुलाब, एवढाच त्याचा अर्थ. ‘ताप आला आहे’ या वाक्यातून जेवढे कळते, तेवढेच या शब्दातून कळते.

गंमत अशी, की याहून नेमके शब्द आपल्या आजी-पणजीकडे होते. पातळ जुलाब झाले तर ती हगवण. मुरडा येऊन शेम पडू लागली तर आव, रक्त दिसले तर रक्ती आव. आणि घरातला धडधाकट माणूस काही तासांत निपचित पडला, तर ती पटकी. सूक्ष्मदर्शक न पाहिलेल्या पिढीने केवळ डोळ्यांनी केलेली ही वर्गवारी आजही बऱ्याच अंशी वैद्यकाशी जुळते. ‘गॅस्ट्रो’ या एका शब्दाने हे सारे प्रकार एकाच पोत्यात भरले.

एक नाव, अनेक जंतू

पटकी म्हणजे कॉलरा. स्वल्पविरामाच्या आकाराचा व्हिब्रिओ कॉलरी हा जंतू आतड्याला जखम करीत नाही, रक्तातही शिरत नाही. तो आतड्यात राहून एक विष सोडतो. कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावर प्रयोग करून या विषाचे अस्तित्व सिद्ध केले. विषाच्या परिणामाने आतड्याच्या पेशी शरीरातील पाणी आणि क्षार अक्षरशः उपसून बाहेर टाकू लागतात. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात. ताप बहुधा नसतो, मुरडाही नसतो. पण तीव्र लागण झालेल्या रुग्णाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. सकाळी कामावर गेलेला माणूस रात्रीपर्यंत दगावू शकतो तो यामुळे. साध्या जुलाबात मोठ्या वयाचा निरोगी माणूस सहसा इतक्या झपाट्याने कोरडा पडत नाही. तसा तो पडला किंवा दगावला, तर प्रथम कॉलऱ्याचा संशय घ्यावा, असा साथरोगशास्त्राचा जुना दंडक आहे.

रक्ती आव घडविणारा शिगेला हा जंतू निराळ्या जातकुळीचा. तो आतड्याच्या अस्तरात घुसतो, ते कुरतडतो. त्यामुळे ताप, मुरडा, रक्त आणि शेम. कॉलऱ्याची लागण होण्यास सर्वसाधारणपणे लाखो जंतू पोटात जावे लागतात. शिगेलाला दहा ते शंभरही पुरतात. एवढे जंतू तर न धुतलेल्या हाताच्या एका बोटावर मावतात. म्हणूनच ही लागण वसतिगृहात, अंगणवाडीत, एका खोलीत दाटीने राहणाऱ्या कुटुंबात हातोहात पसरते. अशा साथीत जलवाहिनीची गळती शोधून ती काढली तरी रुग्ण येतच राहतात आणि यंत्रणा बुचकळ्यात पडते.

पाण्यासारख्या जुलाबांना अनेकदा ई-कोलाय या जंतूचा विषारी प्रकार कारणीभूत असतो. परगावी गेल्यावर ‘पाणी बाधले’ असे आपण म्हणतो, ते पुष्कळदा याचेच काम. साल्मोनेला कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या अंड्या-मांसातून येतो. कॅम्पायलोबॅक्टर कोंबडीच्या मांसातून, न तापविलेल्या दुधातून आणि दूषित पाण्यातून. लग्नाच्या पंगतीतील विषबाधा ही पुन्हा वेगळी. स्टॅफिलोकॉकस हा जंतू आचाऱ्याच्या हातावरील जखमेतून किंवा नाकातून दुधाच्या मिठाईत उतरतो आणि उष्ण हवेत तेथेच विष तयार करून ठेवतो. मग ते पदार्थ पुन्हा उकळले तरी विष नष्ट होत नाही. उरलेला भात तासन् तास तसाच ठेवला, की बॅसिलस सीरियसचेही असेच.

यातले बरेचसे केवळ घड्याळ पाहून ओळखता येते. जेवणानंतर एक ते सहा तासांत उलट्यांनी सुरुवात झाली, तर तयार विष पोटात गेले असा तर्क करावा. अर्ध्या-एका दिवसाने तापासह जुलाब सुरू झाले, तर साल्मोनेलाचा. दोन ते पाच दिवस गेले असतील, तर कॅम्पायलोबॅक्टरचाही विचार करावा लागतो. आणि एकाच पंगतीला न बसलेली, परंतु एकाच जलवाहिनीवरील घरे दोन-तीन दिवसांत आजारी पडली, तर बोट पाण्याकडे जाते. हे विचारायला प्रयोगशाळा लागत नाही, वही लागते. बालकांमधील जुलाबांत रोटाव्हायरससारख्या विषाणूंचा वाटा मोठा असतो, हे येथे नमूद केले पाहिजे. त्यावरील लस २०१९ पासून राज्याच्या नियमित लसीकरणात आहे.

नदी, नाला आणि नळ

सांगली-मिरजेच्या बाबतीत पाण्याकडे बोट जाण्यास इतिहासही आहे. सांगलीचा शेरीनाला शहराचे सांडपाणी कृष्णेत सोडतो, आणि कृष्णा हाच शहराच्या पिण्याच्या पाण्याचा आधार. हे सांडपाणी उचलून धुळगावला नेण्याची योजना झाली, तिच्यावर निवडणुका लढविल्या गेल्या, आंदोलने झाली. वारणेचे पाणी शहराला द्यावे, ही मागणीही त्यातूनच पुन:पुन्हा पुढे येत गेली. नदीकाठच्या गावांचे गणित सोपे आणि निर्दय असते. वरच्या गावाने सोडलेले खालच्या गावाने प्यायचे. दक्षिण महाराष्ट्रात पटकीची साथ आली, की मरीआईचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडण्याची रीत होती. रोग गेला तो पुढच्या गावात. सातारा, कऱ्हाड, सांगली, पुढे कुरुंदवाड, नृसिंहवाडी अशी कृष्णेच्या काठाने नजर टाकली, तर सांडपाण्याचा गाडा आजही शिवेबाहेर ढकलला जातो, एवढेच म्हणावे लागते.

मात्र सारा दोष नदीवर टाकणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. नदीचे पाणी माळबंगल्यासारख्या जलशुद्धीकरण केंद्रातून गाळले जाते, त्यात क्लोरीन मिसळला जातो. तेथून बाहेर पडणारे पाणी शुद्ध असले, तरी नळाला येणारे पाणी तसेच असेल याची खात्री नसते. कारण मधल्या वाहिन्या. महाराष्ट्रातील बहुतेक शहरांप्रमाणे पाणी चोवीस तास नसते. पुरवठा बंद झाला, की वाहिनीतील दाब नाहीसा होतो, आणि जुनाट जोडाला किंवा गंजलेल्या घरगुती नळजोडणीला छिद्र असेल, तर भोवतालची घाण आत ओढली जाते. जेथे नळजोडणी गटारातूनच गेलेली असते, तेथे काय ओढले जात असेल हे सांगायला नको. पाणी सुटल्यानंतरची पहिली धार गढूळ आणि दुर्गंधीयुक्त का येते, याचे उत्तर येथे आहे.

मिरजेने याची किंमत मोजलेली आहे. २०१४ च्या अखेरीस तेथे पसरलेल्या गॅस्ट्रोच्या साथीत काही जणांचे बळी गेले, आणि पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. ही साथ कोठल्या आडवळणाच्या पाड्यावर नव्हे, तर वैद्यकीय नगरी म्हणून देशभर नाव असलेल्या गावात आली, हे विसरता येत नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय सुरू केले. १९६२ पासून येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शेजारच्या कर्नाटकातून रुग्ण ज्या गावी उपचारांसाठी येतात, त्या गावातील माणसे जुलाबाने दगावली.

पुराने हे संकट अनेक पटींनी वाढते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. अशा वेळी गटारे, शौचालयांच्या टाक्या, विहिरी आणि कूपनलिका यांतील भेदच मिटतो. नळाच्या टोकाला एरवी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. साथीच्या वा पुराच्या काळात तो ०.५ पर्यंत वाढवावा, असे मानले जाते. खेड्यांत हे काम ग्रामपंचायतीच्या टीसीएल पावडरीवर चालते. ताज्या पावडरीत क्लोरीनचे प्रमाण सुमारे ३३ टक्के असते. पोते उघडे किंवा दमट जागी राहिले, की ते झरझर उतरते. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर निरुपयोगी मानली जाते. पण रंग पांढराच राहत असल्याने ती टाकीत ओतली जाते आणि नोंदवहीत ‘शुद्धीकरण केले’ असे लिहिलेही जाते. दोषी ग्रामपंचायतींना लाल कार्ड देण्याची पद्धत राज्यात आहे. तिचा धाक किती, हे ज्याचे त्याने पाहावे.

जुलाब थांबल्यानंतर

गॅस्ट्रोकडे किरकोळ दुखणे म्हणून पाहिले जाते, याचे कारण बहुतेक रुग्ण तीन-चार दिवसांत बरे होतात. दगावणारे प्रामुख्याने पाणी कमी झाल्याने दगावतात. रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे बंद पडतात. वृद्धांना हा धोका अधिक. त्यातही लघवी वाढविणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या नियमित घेणाऱ्यांना जुलाबाच्या दिवसांत त्याच गोळ्या अपायकारक ठरू शकतात, त्यामुळे डॉक्टरांना त्या दाखविणे आवश्यक असते. कुपोषित बालकांत जुलाबाचे प्रत्येक आवर्तन वजन खाली आणते आणि पुढच्या आवर्तनाला वाट करून देते.

काही गुंतागुंती मात्र जुलाब थांबल्यानंतर उद्भवतात, आणि येथे जंतूचे नाव निर्णायक ठरते. ई-कोलायचा ओ-१५७ हा प्रकार आणि शिगेलाची एक जात यांचे विष लहान मुलांच्या तांबड्या पेशी फोडते आणि मूत्रपिंडे निकामी करते. रक्ती जुलाब ओसरत असताना मूल अचानक पांढरेफटक पडले, लघवी कमी झाली, तर ती धोक्याची सूचना होय. साल्मोनेला, शिगेला, कॅम्पायलोबॅक्टर यांच्या लागणीनंतर काही जणांचे सांधे आठवड्या-दोन आठवड्यांनी सुजतात. पोटाच्या आजाराशी त्याचा संबंध कोणाला सुचतही नाही.

आणि कॅम्पायलोबॅक्टरचे सर्वांत भयंकर रूप पुण्याने जानेवारी २०२५ मध्ये पाहिले. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या परिसरातून हातापायांतील बळ गेलेले रुग्ण एकामागून एक रुग्णालयांत दाखल होऊ लागले. आजार होता गुलेन-बारी सिंड्रोम, म्हणजे ‘जीबीएस’. एरवी लाख लोकसंख्येत वर्षाकाठी एक-दोघांना होणारा हा विकार काही आठवड्यांत दोनशेहून अधिक संशयितांपर्यंत पोहोचला. काहींना कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागला, काही दगावले. अनेकांना त्याआधी जुलाब होऊन गेले होते. राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासलेल्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस आढळले, आणि साऱ्यांच्या नजरा तेथील पाण्याकडे वळल्या. या जंतूच्या बाह्य आवरणाची रचना माणसाच्या मज्जातंतूंवरील घटकांशी मिळतीजुळती असते. शरीर जंतूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि क्वचित ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटतात. कॅम्पायलोबॅक्टरची लागण झालेल्या साधारण हजारांत एकाला असे होते, एक ते तीन आठवड्यांनी.

हजारांत एक, हा आकडा उलटा वाचला म्हणजे त्याचे गांभीर्य कळते. मज्जातंतूंच्या विकाराचा एक रुग्ण दिसतो, तेव्हा जुलाब झालेले कितीतरी त्याच्यामागे असतात. पुण्यातील ती जुलाबाची साथ जुलाब म्हणून कोणाच्या फारशी लेखी नव्हती. ती लक्षात आली लुळ्या पडलेल्या हातापायांमुळे.

सलाईन नव्हे, पुडी

उपचारांचा विचार केला, तर या आजाराइतका स्वस्त आणि तरीही इतका चुकीने हाताळला जाणारा आजार क्वचित असेल. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा उसळला. सलाईनचा साठा संपला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व सोडा पाण्यात मिसळून नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजण्यास प्रारंभ केला. सुमारे ३० टक्क्यांवर असलेला मृत्युदर या पाण्यावर ठेवलेल्या रुग्णांत ४ टक्क्यांच्या आत आला. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. तत्त्व साधे आहे. जुलाब चालू असतानाही आतडे ग्लुकोजच्या जोडीने मीठ शोषून घेते, आणि मिठामागून पाणी येते. साखर अधिक झाली, तर उलट जुलाब वाढतात. म्हणून प्रमाण महत्त्वाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनविलेली पुडी लिटरभर स्वच्छ पाण्यात एकाच वेळी पूर्ण विरघळवावी, चोवीस तासांत संपवावी; उलटी होत असेल तर चमच्याचमच्याने द्यावी. ‘ओआरएस’ हे नाव मिरवीत मेडिकल दुकानांत विकली जाणारी गोड पेये या सूत्रात बसत नव्हती. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांवर ते नाव छापण्यास मनाई केली. मुलांना पुडीसोबत दहा ते चौदा दिवस जस्ताची गोळी दिल्यास आजाराचा काळ आणि पुन्हा जुलाब होण्याचा संभव कमी होतो. अंगावरचे दूध, पेज, वरणभात बंद करण्याचे कारण नाही.

प्रत्यक्षात काय होते? रुग्ण दवाखान्यात येतो तोच ‘सलाईन लावा’ म्हणत. जो पिऊ शकतो त्याला सलाईनची गरज नसते, हे डॉक्टरला ठाऊक असते. परंतु रुग्ण पलीकडच्या दवाखान्यात जाईल, हेही ठाऊक असते. त्याआधी मेडिकल दुकानातून नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलची जोडगोळी पोटात गेलेली असते. बहुतांश जुलाबांना प्रतिजैविकांची आवश्यकताच नसते. तीव्र कॉलऱ्यात डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन उपयोगी पडते, रक्ती आवेतही प्रतिजैविक द्यावे लागते. पण विषाणूंवर ते व्यर्थ, साध्या साल्मोनेलात अनावश्यक आणि ओ-१५७ प्रकारात हानिकारक ठरण्याची शक्यता असते. त्यात कॅम्पायलोबॅक्टर आणि शिगेला यांनी नॉरफ्लॉक्सासिनच्या कुळातील औषधांना मोठ्या प्रमाणावर दाद देणे सोडले आहे. जुलाब ‘बांधणारी’ गोळी रक्त व ताप असताना घेतली, तर जंतू आणि विष आतच कोंडले जाते. लहान मुलांना तर ती देऊच नये. रुग्ण सुस्त झाला, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, रक्त पडू लागले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर पुडी-गोळीचे प्रयोग थांबवून रुग्णालय गाठावे.

चाचणी कोणी मागायची?

साथ आली, की पाण्याचे नमुने घेतले जातात. अहवाल येतो, ‘पिण्यास अयोग्य’. त्याचा अर्थ पाण्यात मैला मिसळल्याची खूण सापडली एवढाच. आजार कोणत्या जंतूने झाला, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी रुग्णाच्या शौचाचा नमुना लागतो. तो फारसा घेतला जात नाही, याची कारणे समजण्याजोगी आहेत. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. खासगी प्रयोगशाळेत खर्च रुग्णाच्या माथी पडतो, आणि तपासणीचा उपयोग त्याच्यापेक्षा त्याच्या शेजाऱ्यांना अधिक होणार असतो. स्वतःच्या खिशातून शेजाऱ्याची चौकशी कोण करणार? हा खर्च सार्वजनिकच असला पाहिजे. कॉलऱ्याच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. ‘गॅस्ट्रो’ म्हटले, की गल्लीचा प्रश्न राहतो; ‘कॉलरा’ म्हटले, की तो शासनाला कळवावा लागतो, गावाची बदनामी होते. सौम्य शब्द सर्वांनाच सोयीचा.

केंद्राने २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू केला, तो याच त्रुटीसाठी. आरोग्यसेवकाने लक्षणांवरून, डॉक्टरने निदानावरून आणि प्रयोगशाळेने तपासणीवरून अशा तीन स्वतंत्र नोंदी करावयाच्या, अशी त्याची रचना. पण तिसऱ्या नोंदीसाठी नमुनाच आला नाही, तर पहिल्या दोन नोंदींतून हाती येतो तो केवळ जुलाबाच्या रुग्णांचा आकडा.

त्यासाठी सांगली-मिरजेला नवे काही उभारावे लागेल, असेही नाही. सांगलीच्या पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयापासून मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे अंतर आठ-दहा किलोमीटरचे. प्रत्येक रुग्णाची तपासणी करण्याचीही गरज नाही. एका गल्लीतील पहिल्या पाच-दहा रुग्णांचे नमुने साथीचा जंतू ओळखण्यास पुष्कळदा पुरेसे होतात. कॅरी-ब्लेअर नावाच्या माध्यमात बुडविलेली कापसाची काडी नमुना एक-दोन दिवस तपासणीयोग्य ठेवते. अट एकच : नमुना प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वी घेतला गेला पाहिजे. दुकानातील ती जोडगोळी पोटात गेली, की काडीवर बहुधा काहीच उगवत नाही, आणि अहवालात ‘जंतू आढळले नाहीत’ असे लिहून येते.